आग लावणारा माणूस प्रारूपात कसा बसवायचा?

मुंबईची वेस ओलांडून रायगड, ठाणे किंवा पालघरकडे गेले की उन्हाळ्यात राब भाजलेली शेते दिसतात. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, टहाळे आणि पालापाचोळा पसरून तो पेटवतात, म्हणजे तणाचे बी मरते आणि राखेचे खत होते. वनखाते वणवा अडवण्यासाठी जाळरेषा काढते, तेव्हाही आगच वापरते. आणि डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावच्या डोंगरावर भडकली तशी, कोणालाच नको असलेली आग वेगळीच.

जगभरातील आगींचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रारूपांत (मॉडेलमध्ये) हा फरक फारसा नसे. लोकसंख्येची घनता वाढेल तशा ठिणग्या वाढतात आणि एका मर्यादेनंतर विझवणारे हात वाढतात, एवढ्यावर माणसाचा हिशेब संपे. हे सोयीचे असले तरी अपुरे आहे. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये कायद्याने भाताची लावणी लांबवली, त्यामुळे कापणी व गव्हाची पेरणी यांतील अवधी आक्रसला आणि पराली, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले भाताचे काड, जाळण्याचा काळ थंडीच्या तोंडाशी सरकला. लोकसंख्येच्या आकड्यातून हे कधीच निघाले नसते. उपग्रहांच्या नोंदींनुसार १९९८ ते २०१५ या काळात जगातील जळित क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटले, तेही पृथ्वी तापत असताना, आणि त्याचे मुख्य कारण गवताळ प्रदेशांत पसरलेली शेती हे होते.

म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांच्या पुढाकाराने ‘व्हॅम’ हे प्रारूप तयार झाले. त्यात फिरती शेती करणारा, पशुपालक, बाजारासाठी पिकवणारा, वनरक्षक असे माणसांचे प्रकार धरले असून, कोणत्या भागात कोणाचे प्राबल्य असेल हे उत्पन्न, बाजाराची जवळीक, हवामान अशा गोष्टींवरून ठरते. मग प्रत्येक जण आग कशासाठी व किती लावील, याचा अंदाज बांधला जातो. त्यासाठी शेकडो प्रकाशित अभ्यासांतील स्थानिक नोंदी एकत्र केल्या गेल्या, आणि हे किचकट कामच मला प्रारूपाइतके मोलाचे वाटते.

अडचण पडताळणीची आहे. जळित क्षेत्राचे जागतिक नकाशे ज्या उपग्रह-चित्रांवरून दीर्घकाळ बनत आले, त्यांतील सर्वांत लहान चौकट (पिक्सेल) जमिनीवर वीस हेक्टरांहून मोठी, म्हणजे दोन हजारांहून अधिक गुंठ्यांची असते. काही गुंठ्यांचा राब तिच्यात दिसत नाही. अशा आगी प्रारूपाने दाखवल्या आणि नकाशात सापडल्या नाहीत, तर तेवढ्यावरून प्रारूप चुकले असे म्हणता येत नाही.