कीटकनाशकांची विषबाधा: ‘पॅम’ या उताऱ्याचा न मिटलेला वाद

1958 मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यातूनच 1968 चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचे, विषारीपणा दाखवणारे रंगीत त्रिकोण नंतरच्या नियमांतले.

पॅराथिऑन, रोगर ज्यात मोडतात त्या ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत ॲट्रोपिन या उताऱ्याबद्दल दुमत नाही. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, घामाच्या धारा, छातीत घरघर दिसली की ते लगेच. नेहमीची कुपी 0.6 मिलिग्रॅमची, म्हणजे मोठ्या माणसाला पहिलाच डोस 3 ते 5 कुप्यांचा, आणि घरघर राहिली तर दर 5 मिनिटांनी दुप्पट. छाती मोकळी, काख कोरडी, नाडी 80 च्या वर आणि रक्तदाब ठीक, इथवर न्यायचे. नाडी वाढली म्हणून घरघर असतानाच हात आखडला, तर रोगी स्वतःच्याच स्रावात गुदमरतो.

भांडण आहे ते पॅमचे, म्हणजे प्रालिडॉक्सिमचे. विषाने जखडलेले, नसांच्या कामाला लागणारे एन्झाइम ते सोडवते, पण वेळेत दिले तरच. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारामतीतील चाचणीत 200 रुग्ण होते. सगळ्यांना आधी 2 ग्रॅम दिले. मग 48 तास दर तासाला 1 ग्रॅम मिळालेल्यांत 1 टक्का दगावले, तर दर 4 तासांनी 1 ग्रॅम मिळालेल्यांत 8 टक्के. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत 235 रुग्णांत उलटेच दिसले: पॅम गटात सुमारे 25 टक्के मृत्यू, नुसत्या सलाइनच्या गटात 16. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे खरे. बारामती आपल्या सोलापूरला जवळची, म्हणून तिथला आकडा आपला वाटणे साहजिक आहे. पण तिथे रुग्ण लवकर पोहोचत होते आणि अतिदक्षतेची सोय होती. शिवाय कीटकनाशकागणिक फरक पडतो. रोगरसारख्या डायमिथाइल प्रकारात एन्झाइम काही तासांतच कायमचे निकामी होते, क्लोरपायरीफॉसमध्ये दिवसभराहून जास्त अवधी मिळतो. त्यामुळे पॅमच्या शोधात ॲट्रोपिन आणि श्वासाचा आधार लांबवणे परवडत नाही. रोगी सावरला वाटला तरी पहिले 4 दिवस उशीवरून मान उचलता येते का, हे पाहत राहायचे. मान पडली की व्हेंटिलेटर तयार ठेवायचा.

2017 मध्ये यवतमाळच्या फवारणीकांडाने कीटकनाशकांच्या मिश्रणांचा धोका समोर आणला, 2018 मध्ये 18 कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला. पंढरपूरकडच्या द्राक्षबागांत मात्र वेगळीच गफलत होऊ शकते. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना (कळ्यांना) हायड्रोजन सायनामाइड हे फूट आणणारे रसायन लावून त्याच संध्याकाळी दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, धडधड, ओकाऱ्या सुरू होतात, रक्तदाब उतरतो. बाहुल्या बारीक नसतात, छातीत घरघर नसते. इथे ॲट्रोपिन आणि पॅम दोन्ही निरुपयोगी. म्हणून शेतात वापरलेल्या औषधाचा डबा सोबत आणायचा आणि दारूचे विचारायचे.