न गेलेल्या जागेचा धसका

३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या पटेलनगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना बावडीवरची, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवरची, स्लॅब खचली. ३६ जण गेले. रात्रभर मृतदेह निघत होते आणि घरोघरी टीव्हीवर, मोबाइलवर तीच दृश्यं फिरत होती. राजवाड्याजवळ राहणारी माझी मावशी त्या मंदिरात कधी गेली नव्हती, तिच्या ओळखीचंही तिथे कुणी नव्हतं. तरी पुढे कित्येक दिवस ती फरशीवर पाय जपून टाकायची. ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस,’ सगळे म्हणायचे. मीसुद्धा.

‘पीटीएसडी’ हा आघातानंतर जडणारा विकार अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९८० साली नोंदला गेला. त्यामागे मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल होते. बातमीदाराचा विचार फार उशिरा झाला. २००२ मध्ये टोरांटोचे मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांच्या अभ्यासात युद्धवार्ताहरांमध्ये या विकाराचं प्रमाण सुमारे २९ टक्के निघालं. पुढे त्यांनी डेस्कवर बसून लोकांनी पाठवलेल्या चित्रफिती तपासणारे ११६ पत्रकार अभ्यासले. ही माणसं घटनास्थळी जातच नाहीत. त्यांना जास्त बाधलं ते किती तास पाहिलं यापेक्षा किती वेळा पाहावं लागलं, ते.

प्रेक्षकांबद्दलचे पुरावेही जमत होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवसांतच अमेरिकाभर ५६० जणांना फोनवर विचारलं गेलं. ४४ टक्क्यांमध्ये तीव्र ताणाचं किमान एक लक्षण होतं. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर तर आठवडाभर रोज सहा तास किंवा अधिक वेळ बातम्या पाहणाऱ्यांत, स्फोटांच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला.

त्याच २०१३ साली निदानग्रंथाची नवी आवृत्ती आली. पडद्यावर पाहिलेला प्रसंग आघात धरायचा नाही, कामाचा भाग म्हणून पाहावा लागला तरच धरायचा, असं तिने ठरवलं. म्हणजे बावडीची दृश्यं कापणारा संपादक त्यात बसतो, मावशी बसत नाही. निदानाला कुठेतरी कुंपण लागतं, हे मला पटतं. पण कुंपणाबाहेरच्याला काही होतच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

आपल्याकडे २६/११ नंतर थेट प्रक्षेपणावर बरीच चर्चा झाली. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवण्यावर केबल नियमांतच बंदी आली. तिथे काळजी होती जवानांच्या आणि ओलिसांच्या जिवाची, आणि ती रास्तच होती. घरी बसून तेच दृश्य चाळीस वेळा पाहणाऱ्याचा विचार त्या नियमात नाही.