बाटली निर्जंतुक होती का?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचण्याचं काम चाललं होतं. त्या दिवशी १०७ जणांना लस मिळाली. त्यातल्या एकाच बाटलीतली लस ज्यांच्या वाट्याला आली, त्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन, आणि ती ४१ दिवस आधी भरली गेली होती मुंबईत, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत. आपण जिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो तीच ही जागा.

ही प्रयोगशाळा चालवणारे जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांची लस बनवण्याची तऱ्हा ऐकली तर आपल्याकडच्या माणसाला गंमत वाटेल. मोठ्या काचपात्रात मांसाचं सूप, वर तुपाचे थेंब. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छतावरून चुनखडीच्या सुळक्या लोंबाव्यात तसे. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि द्रव बाटल्यांत भरायचा. आधी यात कार्बोलिक अॅसिड हे जंतुनाशकही घालत. उत्पादन वाढवताना हाफकिन यांनी ती पायरी गाळली आणि उष्णतेवर भिस्त ठेवली. चौकशी आयोगाने नेमकं यावरच बोट ठेवलं. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा ठपका आला आणि हाफकिन यांचं पद गेलं.

पुराव्यात मात्र एक बारीकशी गोष्ट पडून होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला. शिवाय बाटली उघडताना कसला वास आल्याची नोंद नव्हती. ४१ दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर दुर्गंधी सुटायला हवी होती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे जाहीरपणे मांडलं, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. पाच वर्षं एका माणसाची अब्रू टांगून राहिली ती एवढ्या एका प्रश्नावर: भरली तेव्हा बाटली निर्जंतुक होती का?

हा प्रश्न विचारता येणं हीच तेव्हा पंचवीसेक वर्षांची नवलाई होती. त्याआधी उकळलं की झालं, असा सर्वांचा समज. इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकात काचपात्रं बंद करून तासभर उकळली होती. पाश्चर यांची हंसाच्या मानेसारख्या नळीची पात्रंही उकळलेलीच. पण १८७६-७७ च्या सुमारास गणित बिघडलं. लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांच्या प्रयोगशाळेत वाळलेलं गवत आलं आणि त्यानंतर कितीही उकळा, त्यांची पात्रं गढूळ व्हायचीच. कंटाळून ते बिऱ्हाड क्यू उद्यानातल्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. कारण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांना सापडलं होतं. गवतातले जंतू बीजाणू, म्हणजे कठीण कवचाची सुप्त रूपं, धरतात आणि ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. धनुर्वाताचे जंतूही त्याच जातकुळीतले.

पॅरिसमध्ये त्याच वेळी पाश्चर यांचा इंग्रज डॉक्टर हेन्री बॅस्टियन यांच्याशी वाद जुंपला होता. उकळलेल्या मूत्रात पोटॅश हा क्षार घातला की आपोआप जीव निर्माण होतात, असं बॅस्टियन म्हणत. पाश्चर यांच्या मंडळींनी शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की द्रव, तो पातळ करायचं पाणी आणि काचेचं भांडं, तिघांवरही संशय घ्यायला हवा. माझ्या मते प्रयोगशाळेतल्या भांडी घासण्याचा खरा इतिहास इथून सुरू होतो. तोवर भांडं म्हणजे प्रयोगाची निमूट पार्श्वभूमी होती. आता ते आरोपींच्या रांगेत आलं. ठरलं ते असं: द्रव पदार्थ दाबाखालच्या वाफेत १२० अंशांच्या आसपास तापवायचे, आणि कोरडी काच कोरड्या उष्णतेत, त्याहूनही बऱ्याच चढ्या तापमानाला.

वाफेसाठी याच प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ च्या सुमारास ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत वस्तू निर्जंतुक करायचं बंद भांडं, उभा केला. त्याचा पूर्वज म्हणजे १६७९ मधलं डेनी पापॅं यांचं हाडं शिजवायचं भांडं. आपला प्रेशर कुकरही त्याच घराण्यातला. १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं हा पाढा लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. पण त्यातलं खरं मर्म दाबात नाही. आतली हवा पूर्ण बाहेर गेली नाही, तर काटा १५ पौंड दाखवतो आणि तापमान मात्र १२१ पर्यंत चढतच नाही. म्हणून आधी वाफेची धार सुटू द्यायची, मग झडप बंद. झाकणं सैल ठेवायची तीही वाफ आत शिरावी आणि बाटली फुटू नये म्हणून.

कोरड्या उष्णतेला किती जास्त वेळ लागतो, हे १८८१ मध्ये बर्लिनला कॉख आणि वोल्फह्युगेल यांनी तपासलं. अँथ्रॅक्सच्या बीजाणूंना कोरड्या हवेत १४० अंशांना तीन तास लागले. आजही हॉट एअर ओव्हनला १६० अंश आणि दोन तास द्यावे लागतात.

एवढं सोसायचं तर काचही तशी हवी. साधी सोडा-लाइम काच एकदम तापली-निवली की तडकते. जर्मनीतल्या येना इथे ओटो शॉट यांनी बोरॉन घालून काच केली, तिचं प्रसरण साध्या काचेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पहिल्या महायुद्धात जर्मन काच मिळेनाशी झाली आणि अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या पायरेक्स या तशाच काचेला बाजार मिळाला. त्याच कॉर्निंगच्या सहकार्याने १९६२ मध्ये मुंबईत बोरोसिल आली. आपल्याकडे ‘बोरोसिलचा बीकर’ म्हणजे चांगला बीकर, मग छाप कुठलीही असो.

धुण्याची बाजू यामानाने उपेक्षित. ती रसायनवाल्यांनी सांभाळली. त्यांना जंतूंशी देणंघेणं नव्हतं, पण पिपेटला तेलकटपणा असला तर मोजमाप चुकायचं. काच स्वच्छ आहे का, याची त्यांची कसोटी अजून चालते: पाणी ओतल्यावर अखंड पापुद्रा पसरला तर ठीक, थेंब तुटून राहिले तर पुन्हा घासा. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या क्रोमिक अॅसिड वापरलं गेलं, म्हणजे डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल. नारिंगी द्रव हिरवा पडला की दम संपला म्हणायचं. कपड्यांना भोकं आणि हातांना फोड हे त्याबरोबर यायचंच. पण नारिंगी रूपातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि काचेला चिकटून उरलेलं क्रोमियम पेशींची वाढ बिघडवतं, हे कळल्यावर त्याची जागा हळूहळू डिटर्जंटने घेतली. डिटर्जंटचाही अंश राहू नये म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरनेच.

या दोन परंपरा एकत्र आल्या तेव्हा क्रमाचा घोळ झाला, आणि तो नवख्यांचा आजही होतो. रसायनाचं भांडं आधी धुतात. जंतू वाढवलेलं भांडं आधी ऑटोक्लेव्ह करायचं, मग धुवायचं, मग पुन्हा निर्जंतुक करायचं. पहिला फेरा भांड्यासाठी नसतो. तो मोरीपाशी उभ्या असलेल्या, ब्रश हातात घेतलेल्या परिचरासाठी असतो.