मेडिकल कॉलेज पाहून या, पण व्हॅलिडिटीची पावती हातात आल्यावर

नीटचा निकाल लागला की आमच्या सेतू केंद्राच्या बाकावर एक तरी बाप येऊन बसतोच. "भाऊ, पोराला घेऊन कालेज पाहून आलो. लई मोठ्ठं हाये." मी विचारतो, व्हॅलिडिटी? बाप पोराकडे पाहतो, पोरगं चपलेकडे.

कॉलेज पाहून आल्यानं प्रवेशात काडीचाही फरक पडत नाही. एमबीबीएसला मुलाखत नसते. नीटचे गुण, प्रवर्ग आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम, एवढ्यावर जागा ठरते. गेटवर "आतून करून देतो" म्हणणारा कोणी भेटला, तर तिथूनच बसस्टँड गाठा.

गाडी अडते ती व्हॅलिडिटीवर, म्हणजे जात पडताळणी समिती दाखला तपासून देते त्या जात वैधता प्रमाणपत्रावर. जातीचा दाखला वेगळा, वैधता वेगळी. हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आता आजोबा शाळेची पायरीच चढले नसतील, तर त्यांचा दाखला आणायचा कुठून? तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल मागा. चुलत आजोबा शिकले असतील तर त्यांचा शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतला उतारा आणि सोबत वंशावळीचं शपथपत्र जोडा.

नावंही जुळवून पाहा. एका मुलीच्या कागदात आजोबा एका ठिकाणी 'डोमा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'डोमाजी' होते. एका 'जी'साठी त्रुटी निघाली, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र करावं लागलं, आणि तेवढ्यात प्रवेशाची पहिली फेरी संपली. त्या 'जी'नं समितीचं काय बिघडलं होतं, देव जाणे. अर्ज ऑनलाइन भरला म्हणजे काम झालं असंही नाही. कागद समितीच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी लागते. हे सगळं बारावी सायन्सला असतानाच करायचं. आदिवासी मुलांची तपासणी समिती वेगळी असते, त्यांनी चुकीच्या दारात महिना घालवू नये.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र, त्यावरची ३१ मार्च ही तारीख नीट वाचा. प्रवेश जुलै-ऑगस्टात, म्हणजे मुदत त्यापुढच्या मार्चपर्यंत हवी. गेलेल्या मार्चचं प्रमाणपत्र कपाटात राहू द्या. एससी-एसटीला ते लागत नाही, उगाच रांगेत उभे राहू नका. अधिवास, टीसी, मेडिकल फिटनेस हे नेहमीचं.

सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा देशपातळीवर, एमसीसी म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून भरतात. तिथली नोंदणी वेगळी असते आणि ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. वर्ध्याजवळच्या सावंगीचं कॉलेज अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं, त्यामुळे तेही तिकडेच. राज्याच्या यादीत ते शोधत बसणारे दरवर्षी भेटतात.

एवढं झालं की पसंतीक्रम भरायच्या आधी खुशाल फिरा. सेवाग्राम तर पाहूनच ठरवा. तिथं खादी, श्रमदान, आश्रमातलं शिबिर असतं. कुणाला ते मानवतं, कुणाला जाच वाटतो. वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली, अमरावती इथली सरकारी कॉलेजं २०२४ ची. तिथं वसतिगृह कुठं आहे, वर्ग कुठं भरतात, हे सीनियर पोरांनाच विचारा. रविवारी जाऊ नका, सकाळी ओपीडीच्या वेळेला जा. रुग्णांची गर्दी नसेल तर पोरगं शिकणार कुणावर? नागपूरच्या मेडिकलला मात्र गर्दी पाहायला भाडं खर्चायची गरज नाही, घरातल्या कुणी ना कुणी ती भोगलेलीच असते. सरकारी कॉलेजात शिकल्यावर १ वर्ष शासकीय सेवेचा बॉण्ड असतो आणि तो मोडला तर १० लाख भरावे लागतात, हेही घरी आधीच बोलून घ्या.

आणि कॉलेज पाहायला जिल्ह्याला जाणारच असाल, तर पिशवीत त्रुटीचे कागद टाका. आधी समितीचं कार्यालय, मग कॉलेज. जेवणाच्या सुट्टीआधी पोचा, नंतर टेबलावर कोणी भेटेलच असं नाही.