निवृत्तांचं शहर: ‘द व्हिलेजेस’ कसं घडलं आणि तिथे सोबत कोणाला मिळते

फ्लोरिडात ऑर्लँडोच्या वायव्येला, गाडीने साधारण तासाभरावर ‘द व्हिलेजेस’ ही निवृत्तांची अवाढव्य वसाहत आहे. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ७९ हजारांच्या घरात होती, आणि २०१० ते २०२० या दशकात अमेरिकेतला सर्वांत वेगाने वाढलेला महानगर भाग म्हणून याच परिसराची नोंद झाली. घरात किमान एक जण पंचावन्न किंवा त्याहून मोठा हवा. एकोणीस वर्षांखालचं कोणी कायमचं राहू शकत नाही. नातवंडं आली तरी वर्षाला तीस दिवसच. आयुष्यभराची गल्ली, शेजार आणि मुलंबाळं मागे ठेवून इतकी माणसं इथे का येतात, हे कळायला आठ-नऊ दशकं मागे जावं लागतं.

१९३५ मध्ये अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा, कायदा झाला आणि पासष्टी म्हणजे निवृत्ती हे समीकरण बसलं. १९५० च्या सुमारास मोठ्या कारखान्यांतल्या कामगार संघटनांनी पेन्शन पदरात पाडून घेतलं. हातात थोडा पैसा आला, आयुर्मान वाढलं, मुलं नोकरीपायी दूरच्या राज्यांत पांगली. उत्तरेकडच्या हिवाळ्यात बर्फ उपसत घरात बसून राहायचं, की दुसरं काही करायचं? या प्रश्नाचं उत्तर सरकारने शोधलं नाही, समाजसेवकांनीही नाही. ते शोधलं जमीन विकणाऱ्यांनी. पुढच्या सगळ्या इतिहासावर त्याची छाप आहे.

अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ १९५४ मध्ये बेन श्लायफर यांनी यंगटाउन वसवलं, फक्त वयस्कांसाठी. त्याच्या शेजारीच बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी खुली केली. वेब यांची युक्ती साधी, पण त्या काळात धाडसाची होती. गोल्फचं मैदान, दुकानं आणि करमणूक केंद्र त्यांनी आधी बांधून ठेवलं, घरं नंतर विकायला काढली. आलेल्या माणसाला दिवस कसा जाईल हे डोळ्यांनी बघता येत होतं. पहिल्या तीन दिवसांत लाखाच्या आसपास माणसं बघायला आली असं सांगतात. १९६२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वेब झळकले.

योगायोग असा, की १९६१ मध्ये अमेरिकेतल्याच दोन अभ्यासकांनी कॅन्सस सिटीतल्या वृद्धांच्या पाहणीवरून एक सिद्धांत मांडला होता: म्हातारपणी माणूस हळूहळू समाजातून अंग काढून घेतो आणि ते स्वाभाविकच असतं. सन सिटीत घर घेणाऱ्यांनी याच्या नेमकं उलट करून दाखवलं. पासष्टीनंतर लोक नाच शिकले, लाकूडकामाच्या वर्गाला गेले, नवे मित्र जोडले. या वसाहतींबद्दल माझ्या मनात पुष्कळ शंका आहेत, पण हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

त्याची किंमत दुसऱ्यांनीही मोजली. शाळांसाठी कर्जरोखे काढायचा प्रस्ताव आला की सन सिटीचे मतदार तो हाणून पाडत. शेवटी ती वस्ती शालेय जिल्ह्यातूनच, म्हणजे शाळांसाठी कर भरणाऱ्या हद्दीतूनच, वगळावी लागली. यंगटाउनमध्ये १९९० च्या दशकात सावत्र बापाच्या मारहाणीतून सुटून एक मुलगा आजी-आजोबांकडे राहायला आला, तर गावाने नियमावर बोट ठेवलं आणि दंडाची तंबी दिली. प्रकरण राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि त्यातून यंगटाउनची वयाची अटच १९९८ मध्ये रद्दबातल ठरली. आजी-आजोबांनी पोराला घरात घ्यावं की नाही हे गावाने ठरवायचं, हे मला आजही पटत नाही.

फ्लोरिडाची गोष्ट मात्र अपयशातून सुरू झाली. मिशिगनचे व्यावसायिक हॅरल्ड श्वार्ट्झ टपालाने फ्लोरिडातले प्लॉट विकायचे. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने तो धंदा बसला आणि लेडी लेक गावाजवळची जमीन अंगावर पडली. तिथे त्यांनी भागीदारासह ‘ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स’ नावाने मोबाइल होम्सची, म्हणजे कारखान्यात तयार करून आणून ठेवलेल्या स्वस्त घरांची, वसाहत काढली. दहा वर्षांत जेमतेम चारेकशे घरं खपली. श्वार्ट्झ यांची बहीण सन सिटीत राहायची. तिच्याकडचं वातावरण पाहून त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं छप्पर कोणी विकत घेत नाही. १९८३ मध्ये मुलगा गॅरी मोर्स मदतीला आला. गोल्फ, क्लबहाउस, तलाव उभे राहिले. १९९२ मध्ये ‘द व्हिलेजेस’ हे नाव पडलं. छोट्या गोल्फ मैदानांवर खेळायला वेगळे पैसे नाहीत, ते दरमहाच्या सुविधा फीमध्येच आले. आयुष्यभर फुकट गोल्फ, ही जाहिरात फार चालली.

आज तिथे पन्नासहून जास्त गोल्फ मैदानं आहेत आणि मंडळं तीन हजारांच्या घरात. पण खरी जान चौकांत आहे. स्पॅनिश स्प्रिंग्ज, लेक सम्टर लँडिंग, ब्राउनवुड: जुन्या गावांसारखे दिसणारे हे चौक मुद्दाम तसे बांधलेले आहेत. संध्याकाळ झाली की गोल्फ कार्टच्या रांगा लागतात. कोणी आपल्या कार्टला जुन्या मोटारीचं रूप दिलेलं असतं. बँड सुरू होतो. घडीच्या खुर्च्या मांडून काही जण नुसते ऐकत बसतात, बाकीचे ओळीने उभे राहून एका तालात पावलं टाकतात. ओळीच्या या नाचाला जोडीदार लागत नाही. एकट्या बाईला कोणी हात पुढे करायची वाट बघावी लागत नाही, सरळ जाऊन ओळीत उभं राहता येतं. दर रात्री, फुकट.

पण ही सगळी रचना जोडप्यांना डोळ्यांसमोर ठेवून विकली गेली, आणि जोडप्यातलं कोणीतरी आधी जातंच. तेव्हा हिशेब कसा बदलतो बघा. दोघांच्या सोशल सिक्युरिटीपैकी मोठी रक्कम राहते, छोटी बंद होते. सुविधा फी मात्र घरामागे असते, माणसामागे नाही. ती तेवढीच राहते. घर विकून मुलाजवळ जावं, तर मित्रमंडळी सगळी इथे. म्हणून एकट्यांसाठी आणि जोडीदार गमावलेल्यांसाठी तिथे स्वतंत्र मंडळं निघाली. साठीनंतर पुन्हा लग्न केलं तर गेलेल्या जोडीदाराच्या नावावर मिळणारी सोशल सिक्युरिटी जात नाही, तरीही नव्या लग्नात वारसा, आधीची मुलं, घराची मालकी असे पेच असतातच. चौकात नाचणाऱ्या पंच्याहत्तरीच्या माणसाला हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तो थिल्लरपणा करत नाही; रिकाम्या घरी परतायची वेळ लांबवत असतो.

शिवाय ही सोबत एका साच्याची आहे. रहिवासी बहुतांश गोरे, साधारण सारख्या उत्पन्नाचे. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतर भारतातून गेलेली पिढी निवृत्त व्हायला लागली तेव्हा तिला दुसरं काही हवं होतं. द व्हिलेजेसचा काही भाग ज्या लेक काउंटीत येतो, तिथल्याच टॅव्हारेस गावात इग्गी इग्नेशियस यांनी भारतीयांसाठी ‘शांतिनिकेतन’ ही निवृत्तांची वसाहत काढली. इथे भर शाकाहारी जेवण, पूजाघर आणि गप्पांना आपल्याकडची माणसं यांवर आहे. मुलं अमेरिकेत, भावंडं भारतात आणि आपण मधेच, अशी अवस्था झालेल्या मराठी आई-वडिलांना या वसाहतीचं आकर्षण का वाटेल हे वेगळं सांगायला नको.

श्वार्ट्झ २००३ मध्ये गेले, मोर्स २०१४ मध्ये. कुटुंबाची पुढची पिढी आता दक्षिणेकडे वसाहत वाढवते आहे. एवढ्या म्हाताऱ्यांना परिचारिका, स्वयंपाकी, दुरुस्तीवाले लागतात, आणि त्यांना राहायला परवडणारं घर जवळ मिळत नाही. म्हणून विकासकांनी अलीकडे शेजारीच मिडलटन ही नवी वस्ती काढली आहे. तिथे वयाची अट नाही, आणि मुलांसाठी शाळा आहे.