किंमत ठरवणारी मॉडेल्स: निविष्टीवरच्या बंदीपासून निकालाच्या तपासणीपर्यंत

प्राइसिंगच्या कामात मशीन लर्निंग इंजिनिअर उशिरा आला. अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि पुढच्या दशकात मागणीच्या अंदाजावर भाडं हलू लागलं. संख्याशास्त्रज्ञांनी 1972 साली मांडलेलं सामान्यीकृत रेषीय मॉडेल, म्हणजे प्रत्येक घटकाला ठरावीक वजन देऊन अंदाज काढणारं सूत्र, विमागणितज्ञांनी 1990 च्या दशकात वाहनविम्याला लावलं. ते आजही टिकून आहे, कारण प्रत्येक घटकाचा परिणाम तक्त्यात मांडून नियामकाला दाखवता येतो. ग्रेडियंट बूस्टिंगने, म्हणजे अनेक छोटे निर्णयवृक्ष एकामागोमाग जोडणाऱ्या मशीन लर्निंगच्या पद्धतीने, सापडलेले बारकावे अनेकदा याच जुन्या मॉडेलात बसवले जातात.

खरा पेच मागणीच्या मॉडेलात आहे. जोखमीचं मॉडेल दावे किती येतील ते सांगतं. मागणीचं मॉडेल सांगतं की हप्ता वाढवला तर ग्राहक टिकेल का. पण जुन्या नोंदींतले हप्ते कुणीतरी विचारपूर्वक लावलेले असतात. जो सोडून जाणार नाही त्यालाच जास्त आकारलं असेल, तर किंमत वाढली तरी लोक टिकतात असा चुकीचा धडा मॉडेल घेतं. म्हणून काही ग्राहकांना यादृच्छिक पद्धतीने थोडी वेगळी किंमत लावून पाहावी लागते.

युरोपात 21 डिसेंबर 2012 पासून विम्याचा हप्ता ठरवताना स्त्री-पुरुष भेद वापरायला मनाई झाली. मॉडेलला पुरवल्या जाणाऱ्या माहितीतला, म्हणजे निविष्टीतला, एक स्तंभ गेला. मात्र इंजिनाच्या आकारासारखे जोखमीचे खरे घटक, लिंगाशी निगडित असले तरी, वापरायची मुभा राहिली. उरलेल्या स्तंभांतून मॉडेल ग्राहकाचं लिंग किती ओळखतं, हा प्रश्न तसाच राहिला.

ब्रिटनमधला 1 जानेवारी 2022 चा नियम वेगळ्या जातीचा आहे. घर आणि वाहन विम्याच्या नूतनीकरणाचा हप्ता, त्याच विक्रीमार्गाने आलेल्या तशाच नव्या ग्राहकाच्या हप्त्यापेक्षा जास्त नसावा. यामुळे नव्या ग्राहकांच्या सवलती आटतील, असा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. पण त्या सवलतींचे पैसे वर्षानुवर्षं निमूट नूतनीकरण करणारे भरत होते, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. इथे स्तंभ नव्हे, बाहेर पडलेली किंमत तपासली जाते. इंजिनिअरला जुन्या ग्राहकाची माहिती नवा ग्राहक म्हणून पुन्हा चालवून दोन्ही आकडे ताडून पाहावे लागतात. पैसे भरण्याची पद्धत किंवा आपोआप नूतनीकरणाची खूण यांतून निष्ठा शिकलेलं मॉडेल या चाचणीत सापडतं, स्तंभाचं नाव काहीही असो.