पार्श्वभूमी : ऑटो स्विच, अर्थिंग आणि २०१२ चा आदेश

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात एलईडीचे ड्रायव्हर (एलईडीला हवा तसा पुरवठा देणारा बोर्ड), इन्व्हर्टर, पंपाचे ऑटो स्विच (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारे) असा माल बनवणाऱ्यापुढे आज तीन प्रश्न असतात. वस्तू शॉक देणार नाही, पेटणार नाही ना? ती शेजारच्या उपकरणांत नॉइज, म्हणजे विजेचा नको असलेला व्यत्यय, सोडणार नाही ना? आणि बाहेरचा नॉइज आत शिरला तर ती स्वतः गोंधळणार नाही ना? पहिल्याला सगळे सेफ्टी म्हणतात, उरलेल्या दोन्हींना मिळून ईएमआय-ईएमसी. हे तीन प्रश्न कायद्यात एकाच वेळी आले नाहीत. आजचा बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो.

विजेचा कायदा जुना आहे. १९१० चा कायदा आणि त्याखालचे १९५६ चे नियम मुख्यतः जोडणीकडे पाहत. मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत, ही कृष्णाकाठच्या जुन्या वायरमनना पाठ असलेली अट त्याच नियमांतली. नॉइजचा विचार मात्र रेडिओमुळे सुरू झाला. प्रक्षेपणातला व्यत्यय मोजायचा कसा, हे ठरवण्यासाठी १९३४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती काम करू लागली. वायरीतून परत जाणारा नॉइज तिच्या मानकांनुसार साधारण १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्टीत मोजतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरी याच पट्टीत येतात. रेडिओशेजारी स्वस्त एलईडी बल्ब लावला की बातम्यांवर गुणगुण चढते, ती म्हणूनच.

अमेरिकेने १९७९ मध्ये संगणकीय उपकरणांना मर्यादा घातल्या. युरोपने १९८९ मध्ये ईएमसीचा निर्देश काढला आणि चार वर्षांच्या सवलतीनंतर १ जानेवारी १९९६ पासून तो सक्तीचा केला. युरोपात मशीन पाठवायचे तर कंट्रोल पॅनलला सीई मार्क, म्हणजे युरोपच्या नियमांत बसत असल्याची खूण, लागतो, आणि त्यासाठी सेफ्टीबरोबर ईएमसीचेही कागद हवेत, हे आपल्याकडच्या निर्यातदारांना तेव्हापासून भाग पडले. देशात विकायच्या मालाला अशी अट नव्हती.

ती येण्याची संधी २०१२ मध्ये होती. त्या वर्षी केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आणि आयटी वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. पहिल्या यादीत १५ वस्तू होत्या. प्रत्यक्ष अंमल मुदतवाढ मिळत २०१३ च्या जुलैपर्यंत गेला. टीव्ही, लॅपटॉप, मायक्रोवेव्ह, सेट टॉप बॉक्स असल्या त्या मालाशी इथल्या छोट्या गाळ्यांचा फारसा संबंध नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये आणखी १५ वस्तूंची भर पडली. त्यांत पॉवर अडॅप्टर होते, ५ केव्हीएपर्यंतचे यूपीएस-इन्व्हर्टर होते, एलईडी बल्ब आणि त्यांचे ड्रायव्हर होते. आदेश कुपवाडच्या शेडपर्यंत पोचला तो असा.

या आदेशात सेफ्टी होती, ईएमसी नव्हती. अडॅप्टरला त्या वेळी आयएस १३२५२ या आयटी उपकरणांच्या मानकाच्या कसोट्या होत्या: इन्सुलेशन, हायपॉट (जास्त व्होल्टेज देऊन तपासणे), तापमान, बोर्डवरच्या तांब्याच्या ट्रॅकमधले अंतर. तो किती नॉइज सोडतो, हे या नोंदणीसाठी कोणी विचारत नाही. निर्णयाच्या बाजूने बोलता येते. आधी माणूस वाचवावा, रेडिओ नंतर. सेफ्टीच्या चाचण्या टेबलावर होतात, ईएमसीला आतून रेडिओ लहरींचे शोषक लावलेली बंद खोली लागते आणि ती बांधायचा खर्च मोठा. सांगलीहून पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत २३० किलोमीटर जायचे, नमुना फेल झाला की बोर्ड बदलून पुन्हा तेच, हे छोट्याला झेपणारे नव्हते.

पण परिणामही सांगितला पाहिजे. ड्रायव्हरचा भाव पाडायचा झाला की बोर्डवरून आधी निघते ती नॉइज अडवणारी इनपुटची फिल्टर कॉइल, मग कपॅसिटर. सेफ्टीचा रिपोर्ट त्याने बिघडत नाही. जो कारखानदार फिल्टर ठेवतो, त्याचा माल महाग ठरतो आणि त्याला दाखवायला सक्तीचा कागदही नसतो. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला या आदेशाने एकटे पाडले, असे माझे मत आहे.

गोंधळ वाढवला तो 'नोंदणी' या शब्दाने. आयएसआय मार्कासाठी तपासनीस कारखान्यात येऊन पाहतो. नोंदणीत तसे नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यायचा, रिपोर्ट जोडायचा, माल मानकाप्रमाणे आहे असे उत्पादकाने स्वतः जाहीर करायचे. सुरुवातीला लेबलवर 'स्वयंघोषणा' असे स्पष्ट शब्दच असत आणि त्यांच्यासोबत आर-क्रमांक, म्हणजे नोंदणीचा क्रमांक. गिऱ्हाईक मात्र तो क्रमांक 'सरकारने पास केले' असा वाचते, आणि 'पास' म्हणजे सगळ्यात पास असे धरून चालते. शिवाय नोंदणी कारखान्याच्या पत्त्याला आणि ब्रँडला बांधलेली. पुण्याच्या ब्रँडसाठी कुपवाडात जॉबवर्क करणाऱ्याला नोंदणी आपल्या कारखान्याच्या नावावर घ्यावी लागते, आणि दुसऱ्या ब्रँडसाठी पुन्हा वेगळी.

'क्लास' या शब्दाचेही तसेच. क्लास वन, क्लास टू हे शॉकपासूनच्या संरक्षणाचे प्रकार. क्लास ए, क्लास बी या नॉइजच्या मर्यादा, ए कारखान्यासाठी आणि बी घरासाठी. कोटेशनमध्ये नुसते 'क्लास' लिहिलेले दिसले की आधी फोन करून विचारावे.

सेफ्टीचे आणि नॉइजचे नियम एकमेकांना ओढतात, ते वाय कपॅसिटरपाशी. फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेला हा छोटा कपॅसिटर नॉइज जिरवतो, पण थोडा करंटही अर्थकडे सोडतो. ४.७ नॅनोफॅरडला २३० व्होल्टवर सुमारे ०.३४ मिलिअँपिअर. हातात धरायच्या, अर्थिंग असलेल्या उपकरणाला जुन्या आयटी मानकाची मर्यादा ०.७५ मिलिअँपिअरची. कागदावर सगळे ठीक. अर्थिंगच तुटलेले असेल तर दोन कपॅसिटरांच्या मधोमध अडकलेली बॉडी जवळजवळ ११५ व्होल्टवर जाते, टेस्टर पेटतो, बोटाला झिणझिण्या येतात आणि 'बॉडीला करंट येतोय' म्हणून माल परत येतो. दुरुस्तीवाला कपॅसिटर कापून टाकतो. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा पडला असेल, तर दोष बोर्डाचा नसतो.

२०१७ मध्ये तार नियमांत दुरुस्ती होऊन दूरसंचार उपकरणांना सक्तीची चाचणी आली, २०१९ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. इथे मात्र सेफ्टीबरोबर ईएमसीही आहे. दरम्यान जुनी आयटी आणि ऑडिओ-व्हिडिओची मानके एकत्र करून ६२३६८-१ हे नवे मानक आले, युरोपात डिसेंबर २०२० पासून जुनी बाद झाली. त्याची भारतीय आवृत्तीही निघाली.

शेतीपंपाचा ऑटो स्विच २०१२ आणि २०१४ च्या याद्यांत नव्हता. त्यात सिमकार्डचे मोडेम आले, तसा तो दूरसंचाराच्या नियमांजवळ सरकला. तयार मोडेमचे प्रमाणपत्र मोडेमपुरतेच असते, त्याच डब्यातल्या रिलेबद्दल आणि काँटॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलबद्दल ते काही सांगत नाही. रात्रीच्या पाळीची लाइट येते, काँटॅक्टर ओढतो-सोडतो, कॉइलमधून उसळी निघते आणि प्रोसेसर रिसेट होतो. शेतकऱ्याच्या मोबाईलवर 'मोटार चालू' असा मेसेज असतो आणि उसाच्या सरीत पाणी पोचलेले नसते. कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरची एक जोडी बसवली की बहुतेक वेळा हे थांबते. काही जण ती आपणहून बसवतात.